देवाची चावी

बायकोला, गोजरबाईंना, पत्ता न लागू देता एखादी गोष्ट उरकणारा अख्ख्या शुक्रवार पेठेत एकच माणूस, आणि तो म्हणजे आपण, अशी रावजींची पक्की समजूत होती. नुकतीच त्यांनी गाडीची चावी हरवली आणि घरात कुणाला चाहूलही न लागता नवी करून घेतली.

चाव्या करणारा सिद्धाप्पा अक्कलकोटकडचा. कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडाला विश्रांती नाही. चावीच्या पोटात चिप असते, ती ओळखली तरच इंजिन चालू होतं, हे त्यानं रावजींना बाळाला घास भरवावा तसं समजावलं. हरवलेली चावी चोराला सापडली तरी चालू नये, म्हणून गाडीच्या डोक्यातल्या जुन्या ओळखी पुसून नव्या भरायच्या होत्या.

"घरात दुसरी चावी आसंल तर आणा काका. हितं नसलेली चावी गाडी इसरती."

दुसरी होती, पण ती देव्हाऱ्यात. गाडी घेतली त्या दिवसापासून गोजरबाईंनी ती हळदकुंकू लावून खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली होती. शुभकार्याला निघताना गाडी त्याच चावीनं सुरू व्हायची. तिला हात लावायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर लपवायचं होतं. "ऱ्हाऊ दे," रावजी ऐटीत म्हणाले, "देवाच्या चावीला कसली ओळख लागतीय."

पुढच्याच आठवड्यात टेंभुर्णीला भाचीचा साखरपुडा निघाला. गोजरबाई थोरल्या मावशी. त्यांनी ओटी भरल्याशिवाय अंगठी चढायची नव्हती, आणि मुहूर्त दुपारच्या आतला. सगळे नटूनथटून गाडीत बसले. मुलानं, अभिमन्यूनं, देवाची चावी फिरवली. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकला. इंजिन मात्र रुसलेल्या जावयासारखं गप्प.

रावजींनी घाईघाईनं आपली चावी पुढं केली. गोजरबाईंनी ती हाताबरोबर मागं ढकलली.

"देवाची चालंना आन तुमची चालती व्हय? कुणाच्या तरी हातनं काय तरी घडलंय. ते कळल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

मागच्या सीटवरून सून पायल हळूच म्हणाली, "आत्याबाई, शेंगाचटणीचा डबा मांजरानं नाही, मी सांडला." गोजरबाईंनी मान हलवली, अभिमन्यूनं चावी फिरवली. दिवा लुकलुकला. मग मागचा बंपर बैलानं नव्हे तर आपणच चेपल्याचं अभिमन्यूनं कबूल केलं. पुन्हा दिवाच. आता सगळ्यांच्या नजरा रावजींकडे वळल्या.

रावजींनी पोट दाबून धरलं, घरात पळाले आणि न्हाणीघरातून सिद्धाप्पाला फोन लावला. तो यंत्र घेऊन हजर झाला, दोन्ही चाव्या मागून घेतल्या, स्टेअरिंगखाली वायर खुपसली आणि म्हणाला, "आता कुणी हात लावू नका. जरा वेळ लागतोय." मग डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून तो बसला. कपाळावर भस्म होतंच. गोजरबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

टेंभुर्णीहून बहिणीचे फोनवर फोन येत होते. गोजरबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, तशी रावजींची सगळी हुशारी विरघळली. चावी हरवली इथपासून गाडी देवाची चावी विसरली इथपर्यंत, एक शब्द न गाळता त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

गोजरबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे झालं मशिनीचं," त्या म्हणाल्या. "आता खरं काय ते सांगा."

"हेच खरं हाय की!"

"चावी हरवली म्हणून देव कोपतोय व्हय? पोरं मोकळी झाली, तुमाला काय झालं?"

घड्याळ पुढं सरकत होतं. रावजींनी डोकं खाजवलं. ऐनवेळी चांगलंसं पापही सुचेना. शेवटी ते पुटपुटले, "श्रावणी सोमवारी होटगीला मटण खाल्लं."

त्याच क्षणी यंत्र टुंग वाजलं. सिद्धाप्पानं डोळे उघडले, देवाची चावी फिरवली आणि गाडी गुरगुरली.

गोजरबाईंनी खिडकीतूनच हात जोडले, मग नवऱ्याकडे असं पाहिलं की गाडीच पुन्हा बंद पडते की काय असं वाटावं. भाचीचं लग्न लागेपर्यंत रावजींचं मटण बंद, हे तिथंच ठरलं. लग्न पुढच्या वैशाखात होतं.

रावजींनी सिद्धाप्पाला बाजूला ओढलं. "आरं, तू तरी सांग की ह्यांना. हे तुझ्या मशीननं झालं म्हणून."

सिद्धाप्पानं वायर गुंडाळली, मागं गाडीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मशीनचं मी सांगतो की. पण काका, श्रावणात मटण खायाला नको हुतं तुमी."