सुभेदार नानांची स्वाहिली

शहागडच्या पुलाजवळ एखाद्या मिशीवाल्या म्हाताऱ्यानं ‘हबारी?’ म्हणून तुम्हाला हटकलं, तर घाबरू नका. ‘मुझुरी’ म्हणा आणि पुढं चला. नुसता नमस्कार केलात, तर सुभेदार नाना तुम्हाला टपरीवर बसवून स्वाहिलीत खुशाली कशी विचारायची ते शिकवल्याशिवाय सोडणार नाहीत.

नाना माझे शेजारी. फौजेत असताना शांतिसेनेबरोबर काँगोला जाऊन आले. इतर फौजी परदेशातून घड्याळ, कॅमेरा आणतात. नानांनी भाषा आणली, तीही अर्धीच. पंक्चरवाल्या रफिकभाईंना त्यांनी ‘हबारी’ शिकवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नाना, ये तो अपनीच खबर है! इसके लिए इत्ते दूर गए थे क्या?’’ त्यानंतर नाना बरेच दिवस दुसऱ्या दुकानात हवा भरत होते.

त्यांचं एक म्हणणं ठाम. ‘‘जवान भाईर धाडायचा तर आगुदर तिथली बोली शिकवा. बंदूक मंग.’’ मला ते पटत नसे. फौज पहाऱ्याला जाते, गप्पा मारायला नव्हे.

यंदा त्यांचा फौजी पुतण्या संदीप काँगोला निघाला. गावानं सत्कार ठेवला. बॅनरवर शुभेच्छुक इतके, की संदीपला शोधावं लागलं. प्रत्येक वक्त्यानं तो जगाला शांततेचा धडा देणार असल्याचं जाहीर केलं. मागून नाना ओरडले, ‘‘धडा देईल बराबर, पण बोलंल कशात?’’ अध्यक्षांनी माईक आणखी जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोपाला गेलो. संदीप बॅग खांद्याला अडकवून उभा, आणि नाना त्याच्या मागं लागलेले. ‘‘एकच वाक्य शीक. जल्दी.’’

‘‘नाना, तिथं दुभाष्या देतेत. मोबाईल हाय. तुमचं कुठं अडलं व्हतं?’’

नाना म्हणाले, ‘‘एक बाई रोज गेटवर यायची. काहीतरी बोलायची. आपल्याकडं दारात माणूस आलं की त्याला खायला देतेत, मला तेवढंच ठावं. मी पोळीला साखर लावून गुंडाळी द्यायचो. घ्यायची, अन् उभीच राह्यची. मला वाटायचं, कमी पडली. मंग दोन द्यायचो.’’

संदीप हसला.

‘‘आमची बदली आल्ती तवा कुठं दुभाष्या गेटवर आल्ता. त्यानं सांगितलं, बाईचं लेकरू हरवलंय. रोज इचारून राह्यली, माझं पोरगं दिसलं का. अन् मी रोज साखर लावून राह्यलो.’’

संदीपनं बॅग खाली ठेवली. ‘‘मंग काय म्हणायचं?’’

‘‘हापाना, मामा. केती. न्हाई दिसलं, आई. खाली बस. तिकडं आईला मामा म्हणतेत, अन् बस म्हणायला केती.’’ संदीपनं ते दोनदा म्हटलं. नानांचं समाधान होईना. ते अंगण ओलांडून फाटकापाशी गेले, तोंड आमच्याकडं वळवलं आणि त्या बाईचं वाक्य बोलले. मला एक शब्द कळला नाही, पण कुठं अडखळले नाहीत.

संदीप पुढं झाला. ‘‘हापाना, मामा,’’ तो म्हणाला. ‘‘केती.’’

धिप्पाड, मिशीवाले सुभेदार नाना फाटकाच्या पायरीवर बसले. संदीपही त्यांच्या शेजारी टेकला. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत राहिला.