कुरणाला हात न लावण्याची योजना

यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे कमलाकर बक्षी यांना १९६१ साली एक प्रश्न पडला. प्राध्यापकाला प्रश्न पडण्यात नियमबाह्य काही नव्हतं. पण त्यांनी तो सरकारला विचारला. झरीकडच्या जंगलातली कुरणं दरसाल उघडी पडत चालली होती. ढोरं काही काळ बाहेर ठेवली, तर गवत आपलं आपण परत येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

त्यासाठी त्यांनी एका तांड्याच्या नाइकाला, हरिसिंगला, गाठलं. त्याच्या तांड्याची सगळी ढोरं एकाच कुरणावर जगत होती.

"दोन पावसाळे ढोरं दूर नेतो, गुरुजी," हरिसिंग बराच विचार करून म्हणाला. "पन मंग कुरन वापस भेटन ना?"

"भेटेल. गवत कसं टिकवायचं, तेही सांगेन."

दारात बसलेली त्याची बायको भुरीबाई म्हणाली, "हा शबूद तुमचा हाय का सरकारचा?"

"माझा."

"मंग ठीक हाय."

दुसऱ्या दिवसापासून तांड्याची ढोरं टेकडी ओलांडून पलीकडच्या खडकाळ रानात जाऊ लागली. वाटेतच त्यांचं निम्मं दूध आटे.

इकडे नागपूरच्या कचेरीत उपसंचालक श्रीकृष्णराव दाते यांनी कमलाकरांचा अर्ज दोनदा वाचला. "यात तुम्ही काय करणार, ते लिहिलेलंच नाही."

"काही करायचं नाही, साहेब. कुरणाला हात लावायचा नाही आणि काय होतं ते बघायचं."

"बक्षी, हात न लावण्यासाठी शासनाकडे अनुदानाचं शीर्ष नाही. हात लावण्यासाठी आहे. तुम्ही काहीतरी करा, म्हणजे काही न करणं आपल्याला त्यात बसवता येईल."

म्हणून कुंपण मंजूर झालं. कुंपणाला खांब हवेत, म्हणून कुरणाच्या कडेचे साग तोडले. कुंपण आलं म्हणून चौकीदार आला, चौकीदार आला म्हणून त्याचं घर आलं. योजनेचा खर्च योजनाक्षेत्रातच व्हावा असा दंडक असल्यामुळे घर कुरणातच बांधावं लागलं. विटांचा ट्रक तिथवर पोचावा म्हणून सडक झाली. ती कुरणाच्या बरोबर मधून गेली, कारण नकाशावर पट्टी तशीच ठेवली होती.

कमलाकरांनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की, मार्चअखेर रक्कम न खर्चल्यास देशाला गवताची गरज नाही असं गृहीत धरण्यात येईल. कमलाकर घाबरले. पूर्वेचा कोपरा अजून शाबूत होता. तेवढ्यावरही संशोधन होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मग दिल्लीहून समिती येणार असल्याचं कळलं. समितीसाठी विश्रामगृह हवं होतं, ते पूर्वेच्या कोपऱ्यात झालं. साप निघू नयेत म्हणून उरलेलं गवत कापून जमीन चोपून घेतली. समितीने मोकळी, स्वच्छ जागा पाहून समाधान व्यक्त केलं. एका सदस्याने मात्र गवत कुठे आहे, असं विचारलं. दातेसाहेबांनी सांगितलं, "ते संशोधनाधीन आहे."

समिती गेल्यावर कमलाकर सबंध कुरण हिंडले. एकेकाळी कुरणभर वाढणारं पवन्या गवत त्यांना फक्त विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरावर सापडलं, शाकारलेलं. ते तिथेच दगडावर बसले. त्यांना रडू आलं. पण चौकीदार बघत होता.

अहवाल दातेसाहेबांनीच लिहून आणला. गवत नष्ट होण्याचं कारण : तांड्याची अनिर्बंध चराई.

"पण साहेब, योजना सुरू झाल्यापासून तिथे एकही ढोर फिरकलं नाही."

"तेच म्हणतो मी. नसलेल्या ढोरांनी एवढं नुकसान केलं, तर असलेली काय करतील?" दातेसाहेब शांतपणे म्हणाले. "मंजूर बाबींमुळे गवत जाऊ शकत नाही, बक्षी. तसं असतं तर त्या मंजूर झाल्या नसत्या. आणि हो, इथे आता कायमचं केंद्र होतंय. प्रमुख तुम्ही."

प्रमुख झालो की खरं संशोधन करता येईल, असं कमलाकरांना वाटलं. त्यांनी सही केली.

दुसरा पावसाळा संपल्यावर हरिसिंग आला. कुंपणाला कुलूप होतं.

"आमी तं शबूद पाळला, गुरुजी. आता काहून अडवून राह्यले?"

"वर कळवतो," कमलाकर म्हणाले. त्यांची नजर कुलपावर होती.

हरिसिंग टेकडीकडे परत वळला. त्या हिवाळ्यात तांड्याने ढोरं दिग्रसच्या बाजारात विकली आणि माणसं शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या एका योजनेची सडक खोदायला गेली.

अहवाल मात्र गाजला. त्यातलं एक वाक्य पुढे शाळेच्या पुस्तकात आलं. कुरणं कशामुळे नष्ट होतात, या प्रश्नाला आपण सर्वांनी तेच उत्तर लिहिलं आणि आपल्याला पूर्ण गुण मिळाले. ते कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.