पायजम्यासकट गोधडी

आजीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि नातीची गोधडी शिवायचं काम आजोबांच्या गळ्यात पडलं. जन्मभर टपाल वाटलेल्या माणसाला सुईत दोरा ओवतानाच घाम फुटला. दुपारी लेक तान्हीला घेऊन यायची होती. लेकीची पहिली गोधडी आजीने शिवली होती. नातीच्या गोधडीला मात्र आपला हात लागणार नाही, याचं तिला फार वाईट वाटत होतं. ते वाईट वाटणं ती सकाळपासून आजोबांवर काढत होती.

जुन्या चादरी धुऊन, ऊन दाखवून मऊ झाल्या होत्या. आजोबांनी त्यांच्या जाड शिवणी उसवल्या, थरावर थर अंथरले, झोळ पडू नये म्हणून मधोमध कच्चे टाके घातले आणि कडा दुमडून बाहेरून आत धावदोरा घालत निघाले. आजी खुर्चीतून प्रत्येक टाक्याला नावं ठेवत होती. थर सरकायला लागले तसे आजोबा त्यांच्यावरच मांडी ठोकून बसले. शेवटच्या ओळी संपतात न संपतात तोच बेल वाजली. आजोबा उठले, तर गोधडीही उठली.

"अहो, ती कुठे नेताय?"

"मी नाही नेत. तीच येतेय."

गुडघ्यावरचा ढगळ पायजमा गोधडीत पक्का शिवला गेला होता. आजोबांनी ओशाळून विचारलं, उसवू का?

"एक टाका उसवायचा नाही. पायजमा कापा."

एवढं कौतुक त्यांना दिवसभरात मिळालं नव्हतं. गुडघ्याचा तुकडा गोधडीला देऊन ते आत पळाले. दुसरा पायजमा चढवून बाहेर येतात तो आजी गोधडी मांडीवर घेऊन, प्लॅस्टरने दाबून, डाव्या हाताने त्या तुकड्याच्या कडा शिवत होती. आजोबा दाराशी गेले आणि कडी अडकल्याचं लेकीला सांगत, उघडी कडी बराच वेळ खडखडवत राहिले.

आत आल्यावर लेकीने गोधडीवरून हात फिरवला. "छान झालीय हो बाबा. हा तुकडा तेवढा वेडावाकडा आलाय."

"तिथे जरा घाई झाली माझी," आजोबा म्हणाले.

आजीला ते मुळीच खपलं नाही.

"तुमची कसली घाई?" ती म्हणाली. "तो मी शिवलाय."