ओटीपी कोणालाही सांगू नये

शेषरावजींकडे इंटरनेट चालेल असा एकही फोन नाही. पण बागेतल्या फुकटच्या वायफायवरून त्यांच्याइतकं भांडलेला माणूस अकोला-अमरावतीत सापडणार नाही. त्यांच्या बंडीच्या दोन खिशांत बटणांचे दोन फोन असतात आणि हातात नियमांच्या पाटीची नक्कल. अक्षर त्यांचंच, ठळक, आणि पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेली.

"कोठी लिहेल हाये? दाखवा!" हे त्यांचं रोजचं वाक्य. दूधवाला म्हणाला की आज पाणी नाही घातलं, तरी तेच. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तर शेषरावजींनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घरी येऊन लोणच्याच्या बरणीखाली दाबून ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले, "वाचलं ना मंदाबाई. वाचल्यावर आयकाचं, असं कोठी लिहेल हाये?"

ते माझे शेजारी. जातिवंत फुलशेतकरी, गावाबाहेर शेवंती-झेंडूचा मळा होता, आता तो पुतण्या बघतो. मी शाळेच्या कार्यालयात वीस वर्षं फायली सांभाळते. माझाही नियमांशी रोजचा संबंध आहे, पण मी नियमावर चिडत नाही, फाइल पुढं सरकवते. चिडायला शिकले ते या माणसामुळे आणि त्या पाटीमुळे.

आमचं गाव अकोल्यापासून बसनं तासाभरावर. नगरपालिकेनं बागेत वायफाय आणलं. म्हणजे आधी पाटी आली, वायफाय दोन महिन्यांनी आलं. पाटीवर एकवीस नियम. एका मोबाइल नंबरला दिवसातून अर्धाच तास. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. बाकावर बसूनच वापरावे, गवतावर बसू नये. एका बाकावर तिघांपेक्षा जास्त नकोत. व्हिडिओ पाहू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि सगळ्यांत शेवटी, वायफाय बंद असल्यास तक्रार ऑनलाइन करावी.

हा शेवटचा नियम वाचून मी हसले होते. शेषरावजी हसले नाहीत. ते पाटीसमोर उभे राहून लाल झाले.

बागेत येतात कोण? तर सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. त्यांतली शीतल तर सकाळी वडिलांबरोबर बाजारात मेथी-पालक विकते, दुपारी अभ्यास करते आणि सहाच्या ठोक्याला बागेत हजर. शिकवणीचे तास सगळे व्हिडिओवर, आणि व्हिडिओ पाहायचा नाही. मग वायफाय लावलं कशाला? पुढाऱ्यांनी फीत कापताना फोटो काढायला? मला एरवी राग येत नाही, तो आला.

चौकीदार शिट्टी वाजवत यायचा. "ए पोरींनो, चौघी बसल्या! तिघींचा नियम हाये."

शेषरावजी पुढे सरसावायचे. "बाक किती?"

"चार."

"मोडेल किती?"

"तीन."

"मंग मोडक्या बाकावर कसं बसाव, थो नियम दाखव पयले! कोठी लिहेल हाये?"

चौकीदार शिट्टी तोंडात ठेवूनच निघून जायचा.

अर्धा तास संपला की पोरींचा तास मधेच तुटायचा. त्यावर शेषरावजींनी तोडगा काढला. स्वतःच्या नंबरवरचा अर्धा तास एकीला, दुसऱ्या फोनवरचा शीतलला. सहा वाजता शीतल आपल्या मोबाइलवर तो नंबर टाकायची. उजव्या खिशात टुंग वाजायचं. शेषरावजी चष्मा चढवून, आख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात आकडे वाचायचे. "चाssर! नऊ! नऊ! सून्य!" पाटीवर नियम नंबर बारा: ओटीपी कोणालाही सांगू नये. एकवीसपैकी हाच एक नियम ते मोडायचे, आणि तो रोज ओरडून.

हा उजव्या खिशातला दुसरा फोन त्यांच्या बायकोचा, कमलवहिनींचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अकोल्याच्या जुन्या शहरातले हारवाले त्यांना या नंबरवर फोन करायचे: पन्नास लांब, वीस लहान, लग्नाचे दोन. दिवसभर फोन वाजायचा आणि वहिनींचे हात सुई-दोऱ्यात. "अहो, उचला ना जरा," त्या म्हणायच्या. शेषरावजी ओसरीवरून ओरडायचे, "तुहा फोन, तू उचल! मी काय तुहा मुनीम हाओ?" भिंतीपलीकडून हा संवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे. हारवाल्यांनी आता दुसरीकडे फोन लावले. शेषरावजी मात्र त्या नंबरचा रिचार्ज चुकू देत नाहीत.

आणि मग बाविसावा नियम आला. ज्याच्या नावावर नंबर, त्या व्यक्तीने ओळखपत्र घेऊन कार्यालयात स्वतः हजर राहावे, अन्यथा नोंदणी रद्द. पाटीवर जागा नव्हती म्हणून वेगळा कागद चिकटवला होता, वाकडा.

"मी जातो," शेषरावजी म्हणाले. "पायतो कोण रद्द करते ते."

मी त्या दिवशी रजा टाकली. एकटा सोडला असता तर त्यांनी टेबल उलटं केलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बघायचं होतं.

खिडकीतल्या बाबूनं संगणकावरून मान वर केली नाही. "कमलबाई कोण?"

"माही बायको."

"त्यांना आणा."

"थे नाई येऊ शकत."

"आजारी असतील तर डॉक्टरचा दाखला आणा."

"आजारी नाई."

मी म्हटलं, "भाऊ, त्या वारल्या. यांच्याच घरातला फोन आहे, मेसेज आला तर कुणाचं काय जातं?"

"मग नोंदणी रद्द करावी लागते, मॅडम."

"कोठी लिहेल हाये? दाखवा!" शेषरावजींनी खिडकीवर हात आपटला.

आजवर हा प्रश्न त्यांनी कित्येकांना विचारला असेल. कुणी कधी दाखवलं नव्हतं. या बाबूनं कागद फिरवून समोर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं. *धारक मयत असल्यास नोंदणी तात्काळ रद्द करण्यात येईल.*

शेषरावजींनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. मग नकलेची घडी केली. मी या माणसाला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, वहिनींच्या तेराव्यालासुद्धा नाही; तेव्हा ते मंडपवाल्याशी भांडत होते. मला बाबूचा इतका संताप आला की माझी सगळी सरकारी सभ्यता संपली. "तुमचे तीन बाक मोडलेत, त्यांची नोंद तात्काळ रद्द केली का?" मी विचारलं. तो म्हणाला, बाक बांधकाम विभागाकडे.

त्यानं एक बटण दाबलं. त्याच क्षणी उजव्या खिशात टुंग वाजलं.

"रद्द करायचा ओटीपी गेला तुमच्या नंबरवर. सांगा."

शेषरावजींनी फोन काढला. आकड्यांकडे पाहिलं. मग प्लास्टिकमधली नक्कल पुन्हा उलगडली, बाबूपुढे ठेवली आणि आपलं मातीत राबलेलं जाडजूड बोट बाराव्या ओळीवर टेकवलं.

"वाचा."

"ओटीपी कोणालाही..." बाबू थांबला.

"सांगू नये. तुमच्याच पाटीवर लिहेल हाये. मी नियम मोडत नसतो, साहेब."

"अहो, पण त्याशिवाय रद्द होत नाही!"

"मंग नका करू."

मी खिडकीत डोकं घातलं. "काय दाखवतंय तिथं?"

"कार्यवाही प्रलंबित," बाबू कुरकुरला.

वीस वर्षं मी फायलींत काढली आहेत. प्रलंबित म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी शेषरावजींना म्हटलं, "चला. वहिनींना आता कुणी हात लावत नाही."

संध्याकाळी शीतल घाबरत घाबरत बाकाजवळ आली. "काकाजी, टाकू का नंबर?"

"टाक."

सहा वाजले. टुंग. मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. पण ते ओरडले नाहीत. उठले, तिच्यापाशी गेले आणि पडद्याभोवती ओंजळ धरून फोन तिच्यापुढे केला.

"आता हळू कावून, काकाजी?"

"सांगू नये लिहेल हाये. दाखवू नये, असं कोठी लिहेल हाये?"

पोरगी हसत आपल्या अभ्यासाला लागली. मी चालण्याचा शेवटचा फेरा मारून त्यांच्या मोडक्या बाकामागून निघाले. शेषरावजी एकटेच बसले होते, शेजारची जागा मोकळी. त्यांनी फोन बंडीला पुसला आणि त्या मोकळ्या जागेकडे वळून, माझ्याकडे पाठ होती म्हणून असेल, हळूच म्हणाले,

"वाजला होता वं. उचलला मी."

मी थांबले नाही. मागून आवाज होणार नाही अशा बेतानं चपला उचलत, गवतावरून, नियम मोडून बाहेर पडले.