चौदा नंबरचा चोर

प्रभाकररावांचा कोणावरच विश्वास नव्हता. लोकांचे फोटो सांभाळणाऱ्या कंपन्यांवर तर मुळीच नव्हता. आर्वीच्या एसटी डेपोत तीस वर्षं भांडार सांभाळलेला माणूस. निवृत्त होऊन पिपरी मेघेत घर बांधलं, तरी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायची सवय गेली नाही. (चौथ्यांदा कोपऱ्यावरून परत येऊन.) शेवटी त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची मोफत प्रणाली चढवली, तो टीव्हीला जोडून शेजारी मांडला आणि जाहीर केलं की हा आपला घरचा सर्व्हर. सगळे फोटो यातच राहतील, बाहेरचं कोणी डोकावणार नाही.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं, आकांक्षाचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) झालं. समारंभाचा व्हिडिओ प्रभाकररावांनी सर्व्हरवर ठेवला आणि ज्याच्या त्याच्या फोनमधला पुसायला सांगितला. होणाऱ्या जावयालासुद्धा. अश्विन बिचारा ‘हो मामाजी’ म्हणाला आणि निघता निघता त्यानं एवढंच विचारलं, "मामाजी, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

झालं! निघालेल्या माणसाला वायफाय कशाला हवं? जावई फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच प्रभाकररावांनी सर्व्हरचा पासवर्ड बदलला. (विचारला होता वायफायचा, बदलला सर्व्हरचा. संशयाला एवढा फरक कळत नाही.) नवा पासवर्ड कागदावर लिहिणं धोक्याचं, म्हणून तो सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदी उघडून बघतात तर काय, दर पाच मिनिटांनी कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकून आत घुसायला बघत होतं! प्रत्येक नोंदीपुढे एकच नंबर, चौदा. म्हणजे घरच्याच वायफायवरचं कुठलं तरी यंत्र.

"पासवर्ड बदलायच्या आधी असं एकदाही नाई झालं," ते बायकोला, शकुबाईंना, म्हणाले.

"मंग तेच बरं होतं नं."

"कायचं बरं! तेव्हा चोर बरोबर पासवर्ड टाकून आत जाऊन राह्यला होता!"

शकुबाईंनी कपाळाला हात लावला. अश्विन तर आर्वीला होता, पण त्यामुळे त्याची सुटका झाली नाही. घरात त्याचा माणूस आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आठवडाभर प्रभाकरराव पोरीच्या आणि बायकोच्या फोनकडे वाकून वाकून बघत राहिले. रविवारी सकाळी त्यांनी जालीम उपाय केला: दहा चुका झाल्या की खातं चोवीस तास बंद.

त्याच रविवारी अकराच्या सुमारास इवाई, म्हणजे अश्विनचे वडील चंद्रभानजी, अश्विनला घेऊन सहकुटुंब आले. सोबत अश्विनची आजी होती. पायाच्या प्लास्टरमुळे तिला साक्षगंधाला येता आलं नव्हतं. व्हिडिओ बघायला म्हणून ती खास गाडीत आडवी होऊन आली होती.

"हे टीव्हीवर बदक कायचं आहे?" आजीनं विचारलं. ते लिनक्सच्या चिन्हातलं पेंग्विन होतं, पण प्रभाकररावांचं लक्ष नव्हतं. चौदा नंबरची नवी नोंद नुकतीच पडली होती.

शकुबाई गोरसपाक बिस्किटांची बशी घेऊन आल्या, आणि प्रभाकरराव रिकामी परात घेऊन.

"सगळ्यांनी आपापले फोन बंद करून यात टाका," ते म्हणाले.

चंद्रभानजींचा घास हातातच राहिला. "आमच्यावर शक आहे का तुमचा?"

"शक नाई जी, तपासणी आहे. डेपोत आम्ही ड्रायव्हरचा डबाबी पाहून घेत होतो."

"बाबा, माझं लग्न मोडता का आता?" आकांक्षाचा आवाज रडवेला झाला होता. प्रभाकररावांनी परात आणखी पुढे केली. एकेक फोन पडला. सगळे पडद्याकडे बघत बसले. पाच मिनिटं बशीला कोणी हात लावला नाही. इवायांनी तर पाणीसुद्धा घेतलं नाही.

टक्. नवी नोंद. चौदा.

"पाहा! अजून कोणाजवळ तरी आहे!" प्रभाकरराव जवळजवळ आनंदानं ओरडले.

"बाबा, तुमच्या खिशात काय आहे?"

खिशात त्यांचा स्वतःचा फोन होता. फोटो आपोआप सर्व्हरवर पाठवायचं ॲप त्यांनीच त्यात टाकलं होतं, आणि ते बिचारं इमानेइतबारे दर पाच मिनिटांनी जुनाच पासवर्ड टाकत होतं.

"चला, चोर सापडला नं," प्रभाकरराव घाम पुसत म्हणाले आणि घाईघाईनं त्यांनी व्हिडिओ उघडायला घेतला. पासवर्ड मागितला, त्यांनी टाकला. पडद्यावर आलं: खातं बंद आहे. चोवीस तासांनी प्रयत्न करा.

"म्हणजे मले नातवाचं साक्षगंध नाई दिसत का?" आजी म्हणाली.

प्रभाकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात अश्विननं हळूच परातीतून आपला फोन उचलला.

"मामाजी, रागावजा नका. मी पुसला नव्हता."

"मीबी नाई," आकांक्षा म्हणाली. चंद्रभानजी नुसतेच खोकले. शकुबाई आत गेल्या आणि तुरीच्या डाळीच्या डब्यातून पेन ड्राइव्ह घेऊन आल्या.

"म्हणजे कोनाचाच माह्यावर भरोसा नव्हता?" प्रभाकररावांनी विचारलं.

अश्विननं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आजी व्हिडिओत रमली होती, चंद्रभानजींनी दुसरा गोरसपाक उचलला होता. त्या अख्ख्या घरात सर्व्हरवर पुरता विश्वास ठेवणारा माणूस एकच निघाला, आणि सर्व्हरनं नेमकं त्यालाच बाहेर काढलं होतं.