धुडकू आबांची हाक

गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत दिवेलागणीची वेळ घड्याळावर ठरत नसे. डाळमिलकडून तुरीच्या टरफलांचा कोरडा, उबदार वास येऊ लागला, पश्चिमेचे आभाळ पिकल्या केळाच्या सालीसारखे ठिपकेदार झाले, की गच्चीवरून एक आवाज उठायचा.

“हिर्रर्रऽऽ हो! हिर्रर्रऽऽ हो! चाल वं माय, घर चाल!”

तो गळ्यातून आल्यासारखा वाटतच नसे. पोटातून निघावा, छातीत एक गिरकी घ्यावी आणि जिभेच्या टोकावर थरथरत बाहेर पडावा, असा तो आवाज. पहिल्या दिवशी दूधवाला आला असे समजून मी पातेले घेऊन तीन जिने उतरले. खाली राखणदार आधीच उभा राहून कुणाला सलाम करावा याचा अंदाज घेत होता. दोघांनीही वर पाहिले. तांबड्या फेट्याचे, सत्तरीचे एक गृहस्थ हात लांब करून मोबाइल धरून उभे होते आणि त्या तळहाताएवढ्या यंत्रातून पलीकडचा आख्खा डोंगर हलावा, अशा बेताने ओरडत होते.

हे धुडकू आबा. माझ्या समोरच्या दारातल्या मनीषाचे सासरे. शिंदखेड्याकडचे ठेलारी. मेंढरांमागे चालणाऱ्या घराण्यात जन्मले, चालता चालता लग्न झाले, चालता चालताच मुले झाली. दिवाळी सरली की तापी ओलांडायची, सातपुड्याच्या उतारांवर गवत असेपर्यंत राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा मुलगा संजू त्यांना जळगावला घेऊन आला. कळप मुलगी रत्ना आणि जावई यांच्याकडे गेला.

संजू ठिबकच्या नळ्या होतात त्या कारखान्यात कामाला. आबांना या गोष्टीची फार मौज वाटे. “मना आंडोर नळ्या बनाडस,” ते येईल त्याला सांगत, “आनि मन्या मेंढ्या त्या चावतस. दोन्हीबी आपापला धंदा इमानदारीमा करतस!” हसताना त्यांच्या मिशा फेट्याला भेटायला जात. हसणे ओसरले की मात्र ते पुढचे वाक्य स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत. शिवारात नळ्या अंथरल्या गेल्यापासून शेतकरी कळपाला रानात उतरू देईना, आणि वर डोंगरात तारांची कुंपणे आली. मधल्या पट्टीत जे गवत उरले होते, तेवढाच आता ठेलाऱ्यांचा देश होता.

आबांची बोलायची एक रीत होती. कशाचेही उत्तर देण्याआधी विचारायचे, “वारा कोठला शे?” जेवलात का, वारा कोठला. बरे वाटते का, वारा कोठला. गुडघे पाहायला आलेल्या तरुण डॉक्टरांनी अखेर खिडकीबाहेर हात काढून सांगितले, “वायव्येचा आहे, आबा. आता सांगा, कुठे दुखतं?” त्यावर आबांनी त्यांच्याकडे अशा समाधानाने पाहिले, की त्या दिवशी निम्मे दुखणे तिथेच उतरले असावे.

माणसांकडे ते कळपाच्या नजरेने पाहत. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाई ‘मोहरकी’, म्हणजे पुढे चालणारी मेंढी. ती वळेल तिकडे बाकीच्या वळणार. राखणदार ‘मांगे राहनारा’. मी कोण, हे विचारायचे मी बरेच दिवस टाळले. शेवटी विचारले तेव्हा म्हणाले, “तुम्ही का? चरता चरता थांबीसन आभाय देखनारी. तशी एक ऱ्हास परतेक कळपमा. दूध कमी देस, पन गोड देस.” मी हे प्रशस्तिपत्र समजून घरी आले.

वाहनतळातल्या दुचाक्यांवरही त्यांची माया होती. सगळ्या एका ओळीत, मान एकीकडे कलवून बसलेल्या. संध्याकाळी त्यांच्यातून एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एके सकाळी अध्यक्षीणबाईंच्या कोऱ्या पांढऱ्या स्कूटरच्या पाठीवर हळदीचा आणि गेरूचा ठसठशीत पट्टा निघाला. ठेलारी आपल्या मेंढरांच्या पाठीवर ओढतात तसा. इमारतीत गहजब झाला. आबा शांतपणे पुढे आले.

“ती रोज आमनी गाडीजवळच बसस,” ते म्हणाले. “मले वाटनं आपलीच शे. चुकीसन दुसराना कळपमा जाई, म्हनीसन खूण करी.”

“आबा, तिला नंबर असतो!” मनीषा कपाळावर हात मारून म्हणाली.

“नंबर पुसाई जास, पोरी.”

मनीषाने पुढचा सगळा दिवस रॉकेलचा बोळा घेऊन तो पट्टा घासला. गेला नाही. आबा रंग करायला बसत तेव्हा मन लावून करत. अध्यक्षीणबाई आता त्या पट्ट्यासकट बाजारात जातात, आणि गर्दीत स्वतःची गाडी लगेच सापडते हे त्यांनी मला हळूच सांगितले आहे.

पण गच्चीवरच्या त्या हाकेमागे खरी अडचण होती. कळप रत्नाकडे गेला त्या पहिल्याच संध्याकाळी मेंढ्या तिच्या हाकेला वळेनात. तोंडे खाली दरीकडे करून, जणू कुणाची वाट पाहत, त्या उभ्या राहिल्या. अंधार उतरत होता, बिबट्याचा डोंगर. रत्नाने रडत फोन लावला. आबा म्हणाले, “मोठा आवाज कर त्या डबडाना,” आणि इथून, जळगावातून, हाक घातली. तिकडे घुंगरांचा खुळखुळाट झाला आणि कळप वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरला.

त्या दिवसापासून हा रोजचा नेम झाला. पूर्वी मेंढपाळाचा वाडा, म्हणजे रात्रीचा तळ, पाण्याजवळ पडे. आता तो रेंज सापडेल तिथे पडू लागला. फोनवर रत्नाचा वैतागलेला आवाज मी स्वतः ऐकला आहे. “आबा, पानी खाले शे नि रेंज वर शे. मेंढ्यासले काय पाजू? रेंज?”

मनीषाने मोबाइलमध्ये हाक ध्वनिमुद्रित करून पाठवली. पहिल्या दिवशी मेंढ्या आल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वर केली, तिसऱ्या दिवशी तेवढीही केली नाही. पुन्हा आबा गच्चीवर.

दिवस मात्र थोडे उरले होते. त्या उतारावरचे गवत होळीपर्यंत पुरले असते. त्यानंतर कडा चढून पलीकडच्या खोऱ्यात जायचे, आणि तिथे फोन लागत नाही. संजू स्पष्ट म्हणाला, “तोवर कळप ताईच्या हाकेला आला तर बरं. नाहीतर पारोळ्याच्या बाजारात नेऊन मोकळं होऊ.” त्या रात्री आबांनी वारा कोठला, हेही विचारले नाही.

माघाच्या सुमारास त्यांचा आवाज खाली येऊ लागला. आधी राखणदाराला ऐकू येईनासा झाला, मग मलाही खिडकी उघडावी लागू लागली. इमारत हवालदिल झाली. अध्यक्षीणबाईंनी ज्येष्ठमध पाठवले, मी आल्याचा काढा केला, डॉक्टरांनी घशात विजेरीचा उजेड पाडून पाहिले; काहीच सापडेना. आबा सगळ्यांचे औषध आवडीने घेत आणि दुसऱ्या दिवशी आणखी हळू बोलत.

एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेली कुरडई गोळा करत होते. वाफेवर शिजलेल्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास हाताला लागला होता. आबा कठड्याशी उभे होते. ओठ हलत होते. आवाज पाखराच्या पंखाइतका. आणि फोनमधून, वाऱ्याच्या सळसळीतून, एका बाईचा थरथरता, उंच आवाज येत होता: “हिर्रर्रऽऽ हो!” पाठोपाठ घुंगरे.

“आबा,” मी म्हणाले, “तुमचा आवाज बसला म्हणून आम्ही काढे करतोय...”

त्यांनी फोन बंद केला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बसना नही, बाई. मीच बसाडा. रोज थोडा थोडा. मेंढ्यासले मना आवाज मोठा ऐकू येस तवलोंग त्या रत्नाना कसा ऐकतीन?”

मेंढ्या बसवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. रात्री कळप एका जागी शांत करायचा, कुणी बुजू नये अशा बेताने. तसाच त्यांनी स्वतःचा गळा बसवला होता.

“मग रत्नाला माहीत आहे?”

“तिले काय सांगानं? सांगं तर रडी. आते तिले वाटस, म्हातारा थकना, म्हनीसन ती जोरमा हाका मारस.” ते किंचित हसले. “लई चांगला गळा शे पोरीना. मनापेक्षा बारीक, पन दूर जास.”

होळी झाली. रत्नाचा शेवटचा फोन सकाळी आला. काल तिने एकटीने हाक घातली आणि सगळ्या वळल्या, अगदी हट्टी काळी मेंढी पण. आता वाडा उचलून पलीकडे निघतोय. संजूने बाजाराचा विषय सोडून दिला. मनीषाने शिरा केला आणि आमच्याकडेही वाटी आली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला गच्ची शांत होती. मी वर गेले. आबा फोन घेऊन उभेच होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. “बाई, लावी द्या बरं रत्नाले.”

मी लावला. एक शिकवलेला, गुळगुळीत आवाज म्हणाला की हा क्रमांक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आबांनी फोन माझ्याकडून घेऊन कानाला लावला. ते वाक्य मराठीत ऐकले, हिंदीत ऐकले, इंग्रजीतही मान हलवत शेवटपर्यंत ऐकले.

“पोचनी,” ते म्हणाले. “वर पोचनी.”

मग धोतराच्या सोग्याने फोनची काच पुसली आणि तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

“उद्या भी लावी देज्या, बाई,” आबा म्हणाले. “लागाले नही पाहिजे, पन लावी देज्या.”