चवळीला शुक्रवार कळत नाही

हात हे ज्ञानाचे मूळ साधन आहे, याविषयी सर्व शिक्षणतज्ज्ञांचे एकमत आहे. तो हात कोणाचा असावा, एवढाच प्रश्न शिल्लक होता. चिक्कडपल्लीतल्या आमच्या शाळेने तो यंदा सोडवला.

आमची शाळा म्हणजे माझी नात रसिका जिथे तिसरीत शिकते ती. 'आमची' म्हणते, कारण तिसरीचा अभ्यास आमच्या घरात चार जण करतात आणि रसिका त्यांपैकी एक आहे.

जूनमध्ये परिपत्रक आले. यापुढे प्राथमिक वर्गांत कोणतीही गोष्ट नुसती सांगितली जाणार नाही, मूल ती स्वतः करून पाहील. वर्गात त्यासाठी जागा, पाणी, माती आणि वेळ नसल्यामुळे ते ती घरी करून पाहील. पुरावा म्हणून प्रत्येक टप्प्याचा फोटो पाठवावा आणि फोटोत मुलाचा निदान एक हात मनगटापर्यंत दिसावा. (चेहरा ऐच्छिक होता.)

मला ही व्यवस्था दूरदृष्टीची वाटली. सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत मी मालनबाईंच्या हाताखाली शिकले, त्याला सत्तर वर्षे होत आली. तेव्हाही शिक्षण हातांनीच होत असे. वर्ग झाडणे, माठ भरणे, पाटी कोळशाने घासून काळी करणे, मालनबाईंच्या पडवळाच्या वेलाला काठ्या लावणे, हे सगळे आम्ही केले. आमच्यात त्याला काम म्हणत. छडीसुद्धा हातावरच बसे. पण एकाही गोष्टीचा फोटो नाही, त्यामुळे मी काही शिकले हे आज कुणापुढे सिद्ध करता येत नाही.

पहिले उपक्रम झकास पार पडले. 'माझे घर' हे पुठ्ठ्याचे घर माझ्या मुलाने, अविनाशने, तीन संध्याकाळी खपून केले. त्याला चालती लिफ्ट होती. 'पावसाचे चक्र' सूनबाईने, माधवीने, ऑफिसच्या मीटिंगा ऐकता ऐकता रंगवले. 'बोटांच्या ठशांचे झाड' माझ्याकडे आले. त्यावरचे सर्व ठसे माझे आहेत, कारण रसिकाची बोटे लहान पडून झाड विरळ दिसत होते. (शेरा : 'मुलीची पकड वयाच्या मानाने प्रगल्भ.')

वर्गात एकेचाळीस मुले. एकेचाळीस पुठ्ठ्याच्या घरांपैकी अडतीस उभी राहिली. उरलेली तीन मुलांनी स्वतः केली असावीत, असा शाळेला संशय आला. त्यांना 'प्रयत्नशील' म्हणून सोडून देण्यात आले.

सप्टेंबरात 'बी ते रोप' आले. बी चवळीचे. सोमवारी कोरडे बी, मंगळवारी फुगलेले, बुधवारी मूळ, गुरुवारी कोंब, शुक्रवारी दोन पाने आणि शनिवारी प्रदर्शन. वेळापत्रकाखाली मुख्याध्यापिकांची सही होती. चवळीची नव्हती.

वर्गाच्या बाई भाग्यलक्ष्मी टीचर. त्यांना मी फाटकाशी गाठले आणि म्हटले, "टीचर, पाच दिवसांत एखादे वेळी कोंब येईल. पानं नाही येणार."

"मालूम है अम्मा," त्या म्हणाल्या. "मैं तो दस दिन देती. लेकिन शनिवार को चीफ गेस्ट है ना, उनका टाइम बदलता नहीं."

"चवळीचा पण बदलत नाही."

"तो आपीच बोलो ना अम्मा चवळी को," त्या म्हणाल्या आणि बसकडे पळाल्या. त्यांच्याकडे एकेचाळीस मुले आणि तीन उपक्रमांच्या वह्या होत्या. माझ्यावर रागावण्याइतकी त्यांना फुरसत नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारी माधवी आणि मी धणे-मिरच्या आणायला बेगम बाजारात गेलो. मिरच्यांच्या दुकानाला लागून पूजेच्या सामानाचे दुकान आहे. त्या दुकानदाराने माधवीच्या मोबाइलवरचे परिपत्रक लांबूनच ओळखले.

"तीसरी कलास? पांच गिलास का सेट है मॅडम. सोमवार से शुक्रवार. पत्ते की गारंटी, अगले शनिवार तक."

"जड़ असली है?" मी विचारले. वयाने माणूस चौकस होतो.

"सब असली है अम्मा. सिरफ हात आपके बच्चे का लगेंगा."

त्याच्या मागच्या फळीवर नोव्हेंबरचे ज्वालामुखी रचून ठेवलेले होते. शाळेने तो उपक्रम अजून जाहीर केलेला नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही सोमवार ते शुक्रवार उरकून घेतले. पाच ग्लास, पाच फ्रॉक. सोमवारला पिवळा, मंगळवारला निळा. बुधवारी ढगाळ दिसावे म्हणून अविनाश पडदा ओढून उभा राहिला.

"गुरुवारी मी दमलेली दिसू का?" रसिकाने विचारले.

"चेहरा येत नाहीये बाळा," माधवी म्हणाली. "फक्त हात दमव."

शुक्रवारचा फ्रॉक उतरवताना रसिका म्हणाली, "आई, पण मला खरं पेरायचंय."

"पेर ना. कोण नको म्हणतंय?"

"आणि प्रदर्शनात तेच ठेवायचंय. हे ग्लास नको."

माधवी वाईट नाही. तिने थोडा विचार केला आणि अट घातली. शुक्रवारपर्यंत मातीतून काहीही वर आलेले दिसले, तर रसिकाचे ठेवायचे. नाही तर ग्लास.

रसिकाने उस्मानिया बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, खालच्या कुंडीतली माती भरली आणि माझ्या बरणीतून चवळीचा एक दाणा निवडला. एकच.

"अगं, चार-पाच घाल. एखादा रुजतो, एखादा नाही."

"मग माझी कुठली ते कसं कळणार?"

सोमवारपासून ती रोज सकाळी दात घासण्याआधी डबा उकरायची, दाणा तळहातावर घेऊन बघायची आणि परत पुरायची. मी म्हटले, "रोज उठवलंस तर ती झोपेल कधी?"

"मग आत काय चाललंय ते कळणार कसं?"

यावर उत्तर मला सत्तर वर्षांत सापडलेले नाही.

शुक्रवार उजाडला. डब्यात माती होती. रसिकाने उकरले, पाहिले, पुरले आणि बसमध्ये जाऊन बसली. माझ्याने ते बघवले नाही. योगायोगाने त्या दिवशी ओट्यावर फडक्यात मटकी बांधलेली होती. (मटकीला मोड आणण्याचा उपक्रम माझ्या स्वयंपाकघरात छप्पन वर्षे अखंड चालू आहे. त्याला अद्याप कुणी प्रमुख पाहुणे लाभलेले नाहीत.) त्यातला सर्वांत लांब मोडाचा दाणा मी उचलला आणि शेंडा वर दिसेल असा डब्यात बसवला. रसिकाचा दाणा काढून घेतला. तो टाकून देणे जिवावर आले. धान्य वाया घालवायची आमच्या पिढीला सवय नाही. स्वच्छ धुऊन मी तो रात्रीसाठी शिजत असलेल्या चवळीच्या आमटीत सोडला.

माझ्या हाताचा फोटो कुणी काढला नाही.

संध्याकाळी रसिकाने तो पांढरा शेंडा पाहिला. ती उड्या मारील असे वाटले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि त्या आठवड्यात प्रथमच तिने उकरले नाही. "आता दुखेल तिला," ती म्हणाली. अट पुरी झाली होती. माधवीने ग्लास कपाटावर ठेवले. रात्री आमटी सगळ्यांनी आवडीने खाल्ली.

शनिवारी प्रदर्शनात चाळीस टेबलांवर शुक्रवारचे चाळीस ग्लास होते. सगळ्यांची दोन-दोन पाने एकाच उंचीची आणि एकाच दिशेला वळलेली. एवढी शिस्त मी फक्त कवायतीत पाहिली आहे. एकेचाळिसाव्या टेबलावर बिस्किटांचा डबा.

प्रमुख पाहुणे एकनाथराव हे शेतकी खात्यातून निवृत्त झालेले सद्गृहस्थ. शाळेला वाटले होते ते फीत कापतील आणि चहा घेतील. ते टेबलाटेबलाशी वाकून मुलांना विचारू लागले, "बी किती खोल पेरलं होतंस?" कुणाला तेलुगूत, कुणाला हिंदीत. चाळीस मुलांनी आपापल्या आयांकडे पाहिले. आयांनी ग्लासच्या तळाकडे पाहिले. तिथे फक्त दुकानदाराचा फोन नंबर होता.

रसिकाला त्यांनी मराठीत विचारले.

"एक पेर," रसिकाने बोटाचे पेर पुढे केले. "दाखवू?" आणि पाच दिवसांच्या सवयीने तिने माती बाजूला सारली.

तळहातावर मटकी आली. रसिकाने ती बोटाने उलटी करून पाहिली.

"ही माझी नाही. माझी पांढरी होती. काळ्या डोळ्याची."

"ही मटकी आहे, बेटा," एकनाथराव म्हणाले. खात्याचा माणूस, त्याला सोडवत नाही.

रसिका वळली. "आजी, माझी चवळी कुठंय?"

शाळेपुढे मी खोटे बोलले असते. शेतकी खात्यापुढेही बोलले असते. पण तिने तळहात तसाच पुढे धरला होता.

"आमटीत."

"कालच्या?"

"हो."

"कुणी खाल्ली?"

"ते आता नाही सांगता यायचं. तुझ्या बाबांनी दोनदा घेतली होती."

एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला. मग मोठ्याने म्हणाले, "इथं कुणाच्या बीला मोठ्या माणसाचा हात लागलेला नाही, असं एक तरी टेबल आहे का?"

सगळ्या पालकांनी एकदम वर पंख्याकडे पाहिले. तो बंद होता.

शाळा प्रगतिशील असल्यामुळे तिने या प्रसंगातून तात्काळ बोध घेतला. रसिकाला 'पुरावा विसंगत' असा शेरा मिळाला आणि सर्व उपक्रमांच्या अर्जांत नवा रकाना आला : 'मोठ्यांचा हात लागला आहे / नाही. पालकांची सही.' पहिल्याच आठवड्यात एकेचाळीस अर्ज भरून आले आणि एकेचाळिसांवर 'नाही' होते. रसिकाच्या अर्जावरची सही माझी आहे.

बेगम बाजारातही सुधारणा झाली. पाहुण्यांना न उगवलेले आवडते, अशी बातमी तिथे पोचली आहे. सेट आता सहा ग्लासांचा मिळतो. सहाव्यात नुसती माती. "इसमें कुच्छ नहीं उगेंगा अम्मा," दुकानदार म्हणाला. "लिख के देता मैं."

रसिका माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बरणीतून नवा दाणा घेतला, तोच डबा, तीच माती. डब्यावर कागद चिकटवला : 'आजी नक्को'. खाली लहान अक्षरांत : 'आई नक्को. बाबा नक्को.'

आज अकरावा दिवस आहे. अजून काही वर आलेले नाही. मात्र परवापासून ती एक दिवसाआड उकरते. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. शिक्षण म्हणतात ते बहुधा हेच असावे, पण त्याचा फोटो कसा काढायचा ते मला समजत नाही.

डब्याची जागाही तिनेच निवडली. बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनमागे. दुपारी ऊन येते ते बरोबर वीतभर अलीकडे थांबते आणि परत जाते. मी रोज समोर खुर्ची टाकून बसते, हात मांडीवर, एकावर एक.

आणि तुम्ही आत्ता वाचता वाचता तो डबा वीतभर उन्हात सरकवलात, ते मी पाहिले. हरकत नाही. 'नाही'वर खूण करा आणि खाली सही करा. सगळेच करतात.